डोंगरातली लांब शर्यत : पाणी, मीठ आणि एक वेदनाशामक गोळी

"डॉक्टर, आम्हाला गुडघे जपा म्हणता आणि स्वतः डोंगरात पळता!" ही तक्रार मी दर आठवड्याला एकदा तरी ऐकते. मागच्या डिसेंबरात मी सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची शर्यत पळले. एसआरटी अल्ट्रा या नावाने ती ओळखली जाते. तेव्हापासून ओपीडीत या विषयावरचे प्रश्न इतके वाढले आहेत की एकदाच सगळे लिहून काढावे असे वाटले. माझे वय ५४, वजन ५६ किलो आणि वेग अगदी साधारण. त्यामुळे हा विक्रमाचा वृत्तांत नाही. बारा तास डोंगरात चालत-पळत असताना शरीरात काय काय चालते आणि त्यात नेमका धोका कशाचा असतो, एवढेच सांगायचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तब्येतीसाठी अशा शर्यतीची काहीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. रक्तदाब, साखर, वजन आणि झोप यांना त्यातून भरपूर फायदा मिळतो. त्यापुढची ५३ किलोमीटर ही हौस आहे. कुणी गाणे शिकते, कुणी गच्चीवर बाग करते, मी डोंगरात जाते. हौसेला औषधाचे नाव देऊन ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, असे माझे मत आहे.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी वाट थोडक्यात सांगते. पुण्याजवळून सिंहगडावर चढायचे, कल्याण दरवाज्याच्या बाजूने डोंगराच्या सोंडेवरून विंझरच्या दिशेने उतरायचे, मग राजगड चढायचा. पद्मावती माचीवरून संजीवनी माची, तिथून अळू दरवाज्याने बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी लांबच लांब धार. मध्ये एका खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तो ओलांडला की बुधला माचीच्या बाजूने तोरण्याचा चढ, आणि शेवटी बिनी दरवाज्यातून वेल्ह्याला उतार. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. हिमालयाच्या हिशेबात ही काहीच उंची नव्हे, त्यामुळे विरळ हवेचा प्रश्न इथे येत नाही. इथली अडचण वेगळी. चढलेले सगळे पुन्हा उतरायचे आणि उतरलेले पुन्हा चढायचे, तेही मुरमाड घसाऱ्यावरून, कातळातल्या पावठ्यांवरून आणि वाळलेल्या गवतातून.

तयारीला मी दहा महिने दिले. पन्नाशीनंतर असे काही करायचे तर तपासणी हवीच. मी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. पण स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणजे हृदयाचा विमा उतरवला असे नाही. ही चाचणी रक्तवाहिनीतला मोठा अडथळा बहुधा दाखवते, लहानसा चरबीचा थर दाखवत नाही, आणि हार्ट अटॅक कधीकधी अशा लहान थराला चीर पडूनच येतो. म्हणून माझ्या लेखी कागदापेक्षा लक्षणाला जास्त किंमत आहे. नेहमीच्या चढावर अचानक लागलेली धाप, छातीत किंवा जबड्यात आवळल्यासारखे होणे, चक्कर, धावताना शुद्ध हरपणे, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू, यातले काही असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञ, मग बूट.

लोक चढाला घाबरतात. चढताना धाप लागते, छाती धडधडते, त्यामुळे तोच त्रासदायक वाटतो. पण स्नायूंचे खरे नुकसान उतारावर होते. विहिरीत भरलेली बादली दोराने हळूहळू सोडून पाहा. दोर हातातून पुढे सरकत असतो, तरी बादली आपटू नये म्हणून तुम्ही जोर लावून धरलेली असते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे असेच होते. ते लांबत असतात आणि लांबता लांबता शरीराचे वजन तोलत असतात. या प्रकारच्या कामात स्नायूंचे सूक्ष्म तंतू उसवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना ओरडायला होते, ते लॅक्टिक अॅसिडमुळे नव्हे. ते बिचारे एक-दोन तासांत रक्तातून निघूनही जाते. दुखतात ते हे उसवलेले तंतू. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन १९२१ पासून चालू आहे, सुमारे ९० किलोमीटरची. साधारणपणे एक वर्ष ती चढाच्या दिशेने आणि पुढच्या वर्षी उताराच्या दिशेने धावतात, आणि उताराच्या वर्षी मांड्यांची जास्त वाट लागते असे जुने धावक सांगतात.

सुदैवाने स्नायूंना शिकवता येते. एकदा बऱ्यापैकी उतार धावला, दुखणे भोगले आणि स्नायू बरे झाले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढे नुकसान होत नाही. म्हणून मी दर दुसऱ्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून लगेच उतरायची. कधी सलग दोनदा. वरची कांदाभजी आणि दह्याचे मडके बघून न बघितल्यासारखे करणे, हा या सरावातला सर्वांत अवघड भाग होता, आणि तो दरवेळी जमला असा माझा दावा नाही.

शर्यत पहाटे अंधारात सुरू झाली. कपाळावर विजेरी, पाठीवर छोटी सॅक, त्यात पातळ जॅकेट. सह्याद्रीत जॅकेट कशाला, असे एकाने विचारलेच. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ धावक मरण पावले. थंडीने शरीराचे तापमान उतरले होते. त्यांत नावाजलेले धावकही होते. घामाने भिजलेला, थकलेला, पोटात काही नसलेला माणूस वाऱ्यात थांबला की फार लवकर गारठतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. दीडशे-दोनशे ग्रॅमचे जॅकेट म्हणून माझ्याकडे असतेच.

सिंहगड उजाडता उजाडता झाला. मोठा चढ मी चालतच चढते. अशा शर्यतींत माझ्यासारखे बहुतेक जण तेच करतात. धाप इतकीच लागावी की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. यामागे हिशेब आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने चारपाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते, म्हणजे जेमतेम दोन हजार कॅलरी. या वाटेला माझ्या वजनाच्या माणसाला साडेतीन-चार हजार तरी लागतात. उरलेले चरबीतून येते. चरबी प्रत्येकाकडे मुबलक आहे (माझ्याकडेही), पण ती सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळते आणि साठा लवकर संपतो. म्हणून सावकाश जायचे आणि सुरुवातीपासूनच दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात टाकत राहायची. माझ्याकडे मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की होती. परदेशी जेलची पाकिटेही चालतात, मला त्यांच्या गोडव्याने मळमळते. धावताना पोटाकडचे रक्त पायांकडे वळलेले असते, त्यामुळे पोट रुसते. तेव्हा औषध शोधण्यापेक्षा दहा मिनिटे वेग कमी करावा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच पोट शांत होते.

राजगडावर पद्मावती तळ्याजवळ पोचले तेव्हा मी माझ्या वेळेच्या वीसेक मिनिटे पुढे होते. संजीवनी माचीवर वारा होता, सूर्य डोक्यावर यायचा होता, पाय शाबूत होते. सगळे ठीक चालले होते.

अळू दरवाज्यातून उतरून धारेवर बरेच पुढे गेल्यावर एका धनगराच्या घराशी तीन-चार जण गोळा झालेले दिसले. साडेबारा वाजले असतील. विशी-तिशीतला एक मुलगा ओट्याला टेकून बसला होता. दोनदा उलटी झाली होती, डोके ठणकत होते. त्याचे मित्र एकामागून एक बाटल्या त्याच्या तोंडाला लावत होते आणि उरलेले पाणी डोक्यावर ओतत होते. "मॅडम, डिहायड्रेशन झालंय. राजगडापासून लघवीपण नाही झाली त्याला."

मी डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी जागा दिली. नाव, गाव, वार सगळे त्याने नीट सांगितले. कपाळ तापलेले नव्हते. नाडी जलद पण भरलेली. जीभ ओली. मग हाताकडे लक्ष गेले. बोटे सुजली होती, अंगठी रुतली होती आणि घड्याळाच्या पट्ट्याचा खोल वळ मनगटावर उमटला होता. किती पाणी प्यालास, विचारले. "दर वीस मिनिटांनी अर्धी बाटली, मॅडम. ग्रुपवर तसंच सांगितलं होतं. एकदाही चुकवलं नाही." अर्ध्या लिटरची बाटली धरली तरी सहा तासांत साडेचार लिटर. मित्रांनी पाजले ते वेगळे.

मी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. घरातली आजी उंबऱ्यात उभी होती, ती चिडली. "पोरगं तहानलंय, अन् तू पाणी काढून घेतीस व्हय?"

तिचे म्हणणे वावगे नव्हते. उन्हात कोसळलेल्या माणसाला पाणी द्यावे, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. पण लांब शर्यतीत उलटा प्रकारही होतो. आपल्या रक्तात सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असते. घामातून निघून जाते त्यापेक्षा जास्त पाणी तासन् तास पीत राहिले तर हे सोडियम पातळ होते. आमटीत मीठ तेवढेच, पाणी मात्र वाढत चालले आहे, तसे. एरवी किडनी जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. पण खूप लांबचा व्यायाम, मळमळ, वेदना या सगळ्यांत मेंदूतून एडीएच नावाचे संप्रेरक स्रवत राहते, आणि ते किडनीला पाणी धरून ठेवायला सांगते. म्हणजे त्या मुलाला लघवी होत नव्हती ती पाणी कमी पडले म्हणून नव्हे. पाणी आत अडकले होते. सोडियम उतरले की पाणी पेशींत शिरते आणि पेशी रात्रभर भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगतात. बोटे फुगली तर अंगठी रुतते, एवढेच. मेंदू मात्र कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. डोकेदुखी, उलट्या, मग बरळणे, झटके, बेशुद्धी आणि प्रसंगी मृत्यू, असा तो क्रम आहे.

हे काही नवे ज्ञान नाही. टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या लांब शर्यतींमधले असे रुग्ण १९८५ साली नोंदवले. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले, तिघांचे तर जिवावर बेतण्याइतके. त्याच शर्यतीत एका तरुणीचा याच कारणाने मृत्यू झाला होता. सोडियम घसरण्याशी सर्वांत जवळचा संबंध होता शर्यतीत वजन वाढण्याशी. बारा तास पळून वजन वाढणे याचा अर्थ एकच, गरजेपेक्षा जास्त पिणे. असे असूनही "तहान लागण्याआधीच प्या" हा सल्ला व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो आहे. सगळ्यात जास्त धोका शिस्तीने सूचना पाळणाऱ्यांना, कमी वजनाच्यांना आणि सावकाश जाणाऱ्यांना असतो. सावकाश जाणाऱ्याला घाम कमी येतो आणि प्यायला वेळ भरपूर मिळतो.

"पण मी इलेक्ट्रॉलचं पाणी पीत होतो," तो मुलगा म्हणाला. इथेही गैरसमज आहे. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल असते, तयार स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण वीसच्या आसपास. रक्तात १४०. म्हणजे रक्ताच्या मानाने दोन्ही पातळच. ती गरजेपेक्षा जास्त प्यायली तरी सोडियम उतरतेच.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर डोंगरावर, रक्ताची चाचणी केल्याशिवाय, हे निदान छातीठोकपणे करता येत नाही. उष्माघातातही उलटी आणि डोकेदुखी होते, पण त्यात अंग भट्टीसारखे तापते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, तिथे आधी थंड पाणी ओतून अंग गार करायचे. खऱ्या निर्जलीकरणात तोंड कोरडे, डोळे खोल, उठून उभे राहिले की अंधारी. या मुलाचे चित्र तिसरेच होते. मी आजीकडे मीठ मागितले. तिने मिठाची बरणी आणि लिंबाचे लोणचे दोन्ही आणून ठेवले, राग कायम ठेवून. माझ्याजवळची ओआरएसची पुडी, जी एक लिटर पाण्यात घालायची असते, ती मी वाटीभर पाण्यात कालवून त्याला घोट घोट पाजली, वर लोणच्याची फोड. (हा उपाय फक्त अशा प्रसंगापुरता, तोही माणूस पूर्ण शुद्धीवर असेल तरच. जुलाब झालेल्या मुलाला असे घट्ट ओआरएस कधीही देऊ नका, ते घातक आहे.) उद्देश हा की थोड्या पाण्यात भरपूर मीठ जावे आणि अडकलेले पाणी बाहेर पडायला लागावे.

मग त्याची कंबरपिशवी पाहिली. वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी, त्यातल्या दोन जागा रिकाम्या. एक पहाटे "आधीच घेतलेली बरी" म्हणून, दुसरी राजगडावर गुडघ्यासाठी.

या गोळ्यांबद्दल जरा थांबून लिहिते, कारण धावणाऱ्यांच्या सॅकमध्ये त्या गोळ्या बडीशेपेसारख्या सापडतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच गटातली भावंडे. एरवी निरोगी माणसाला एखादी गोळी काही करत नाही. पण लांब शर्यतीत किडनीकडे जाणारे रक्त आधीच कमी झालेले असते. तेवढ्यावर किडनी आपले काम रेटते ती प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांच्या मदतीने. या गोळ्या नेमकी तीच द्रव्ये बंद पाडतात. शिवाय त्या एडीएचचा जोर वाढवतात, म्हणजे पाणी आणखी अडकते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८० किलोमीटरच्या टप्प्यात काही धावकांना आयब्युप्रोफेन आणि काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली होती. किडनीला इजा झाल्याचे खोट्या गोळीच्या गटात ३४ टक्के आणि आयब्युप्रोफेनच्या गटात ५२ टक्के लोकांत दिसले. अशी इजा बहुतेकांत दोन-चार दिवसांत भरून निघते. पण त्याच वेळी उसवलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन हे प्रथिनही किडनीवर येऊन आदळत असते. म्हणून माझ्या रुग्णांना मी सरळ सांगते, शर्यतीच्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस ही गोळी नको. गुडघा इतका दुखत असेल की गोळीशिवाय पाऊल पडत नाही, तर त्या दिवशीची शर्यत तिथेच संपली.

अर्ध्या तासाने त्याची मळमळ कमी झाली, पण डोके तसेच होते. त्याला पुढे जायचे होते. तोरणा समोर दिसत होता, वर्षभर सराव केला होता, ऑफिसात सगळ्यांना सांगितले होते. त्याच्या एका मित्राने "इच्छाशक्ती दाखव" असे म्हटले आणि मी त्याच्यावर जरा जोरात ओरडले. मनाची ताकद वापरून डोंगर चढता येतो, सोडियम चढवता येत नाही. डोकेदुखी वाढली, बोलणे अडखळले, झटका आला तर तोरण्याच्या चढावर मी काहीही करू शकले नसते. तिथे अँब्युलन्स पोचत नाही. खिंडीतल्या रस्त्यापर्यंत मात्र गाडी येते. स्वयंसेवकाने फोन लावला, आणि आम्ही दोघे त्याला मध्ये घेऊन सावकाश खाली निघालो. वाटेत त्याला एकदा थांबून भरपूर लघवी झाली. इतक्या आनंदाने मी कुणाच्या लघवीची वार्ता ऐकली नव्हती.

गाडीत बसवताना एका कागदावर लिहून दिले : आधी सोडियम तपासा, त्याशिवाय सलाईन भरभर देऊ नका, झटका आला तर ३ टक्क्यांचे सलाईन १०० मिली. धावक कोसळला की नेहमीचे सलाईन लावायचे, ही आपल्याकडे जवळजवळ सवय आहे. या आजारात किडनी त्या सलाईनमधले पाणी ठेवून घेते आणि मीठ बाहेर टाकते, त्यामुळे प्रकृती आणखी बिघडू शकते.

घड्याळ पाहिले. सव्वा तास गेला होता. खिंडीतून ठराविक वेळेनंतर वर सोडत नाहीत, माझ्याकडे अकरा मिनिटे उरली होती. "ताई, जाताय का?" स्वयंसेवकाने विचारले. मी उभी राहून स्वतःचीच तपासणी केली. डोके दुखत नाही, बोटातली अंगठी सैल आहे, तहान आहे, दीड तासापूर्वी लघवी झाली होती, बटाटा खाल्ला तर राहतो आहे. मांड्या जड झाल्या होत्या, पण जिन्यावरचा तोल शाबूत होता. गेले.

त्या चढाबद्दल सांगण्यासारखे फार नाही. ऊन, मुरूम, हाताने धरायच्या कातळाच्या कडा, आणि दर शंभर पावलांवर थांबणे. तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळापाशी दोन मिनिटे बसले. बिनी दरवाज्यातून खाली उतरताना मात्र दहा महिन्यांच्या आतकरवाडीचा उपयोग झाला. माझ्या पुढचे दोन धडधाकट तरुण उलटे होऊन, झाडांना धरून उतरत होते. मी पाऊल लहान ठेवून, गुडघा किंचित वाकलेला ठेवून टुकटुक उतरले. वेल्ह्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्यामागे फार लोक उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी स्वतःचे रक्त तपासले, निव्वळ कुतूहल म्हणून. स्नायूंतले सीके हे द्रव्य एरवी दोनशेच्या आत असते, माझे चार हजारांच्या वर होते. एसजीओटी नेहमीच्या चौपट. क्रिएटिनिन आणि सोडियम नॉर्मल, लघवी स्वच्छ पिवळी. हे आकडे कुणा अनोळखी डॉक्टरसमोर ठेवले असते तर त्याने लिव्हरच्या सोनोग्राफीला पाठवले असते. एसजीओटी स्नायूंतही असते, ते यकृताचीच मक्तेदारी नाही. माझ्याकडे एक गृहस्थ मॅरेथॉननंतर चौथ्या दिवशी केलेल्या फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट घेऊन आले होते. कावीळ समजून आठवडाभर उसाचा रस पीत होते. मोठ्या शर्यतीनंतर किमान दहा दिवस रुटीन तपासण्या करू नका, आणि केल्याच तर शर्यत पळलो हे डॉक्टरांना सांगा. मात्र लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, अगदी कमी झाली, किंवा स्नायू सुजून टणक झाले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तो मुलगा पंधरा दिवसांनी क्लिनिकमध्ये आला. आईला घेऊन. त्या संध्याकाळी त्याचे सोडियम १२७ निघाले होते. एक रात्र ठेवून घेतले, पाणी मोजून दिले, दुसऱ्या दिवशी १३६. आईचे म्हणणे होते, मी त्याला हे सगळे बंद करायला सांगावे. मी तसे सांगितले नाही, त्यामुळे त्या थोड्या नाराज झाल्या. सरावाच्या एका लांब धावेआधी आणि नंतर वजन करून आण, असे त्याला सांगितले. किलो-दीड किलो कमी भरले तर ठीकच, जळालेल्या इंधनाचे आणि त्यासोबत साठलेल्या पाण्याचे ते वजन असते. वाढले तर पिणे कमी कर. त्याने मोबाइलवरचे ग्रुपचे वेळापत्रक दाखवले, दर वीस मिनिटांच्या खुणा असलेले. त्याच्या वहीत मी त्याऐवजी "तहान लागली की" एवढेच लिहून दिले. "आणि मॅडम, ती आजी?" त्याने विचारले. तिला मिठाची बरणी परत करायची राहून गेली होती की काय, अशी शंका त्याला होती. बरणी मी त्याच वेळी उंबऱ्यात ठेवली होती. लोणचे मात्र बरेच संपवले होते आम्ही. पुढच्या महिन्यात तो आणि त्याचे मित्र लिंबाच्या लोणच्याची एक मोठी बरणी घेऊन तिकडे जाणार आहेत, चालत.